साक्षीच्या वेळी जे उभे राहत नाहीत

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. ती ४० वर्षांची होती आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा कारभार आपल्यामागे तिने सांभाळावा, अशी आईची अपेक्षा होती. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. मधल्या काळात त्या आपले शेवटचे मोठे काम तडीस नेत होत्या. हिब्रू आणि ग्रीक मूळ संहितांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे ते काम होते आणि पुढे १९२४ साली ते भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

त्या महिन्यांविषयी मला एक प्रश्न फार दिवस पडत आलेला आहे आणि श्रद्धेवर टीका करणाऱ्या कोणीही तो विचारावा असाच आहे. तरुणपणी आई, वडील आणि बहीण दुष्काळात डोळ्यांदेखत गेली, तेव्हा घराण्याने ज्या देवतांची आयुष्यभर आराधना केली त्यांच्यावरचा रमाबाईंचा विश्वास हळूहळू उडाला. मग उतारवयात, ज्या ख्रिस्ताला सर्वस्व वाहिले त्याच्या डोळ्यांसमोर मुलगी हिरावली गेली, तेव्हा तोही विश्वास का उडाला नाही? पहिले मौन म्हणजे देव नसल्याचा पुरावा आणि दुसरे मौन म्हणजे देवाची गूढ इच्छा, असा दुटप्पी हिशेब त्यांनी केला होता का? मी ख्रिस्ती आहे, नगर जिल्ह्यातल्या जुन्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो आहे, आणि एखादे वचन पुढे करून हा प्रश्न मिटवावा असे मला वाटत नाही. तो एकट्या रमाबाईंचा नाही. जगातले दुःख उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या आणि तरीही प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे.

आधी त्या दुष्काळाकडे पाहायला हवे. अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी समाजाचा रोष ओढवून घेतला होता, आणि तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत कुटुंब फिरत असे. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तोवर जवळची शिल्लक दानधर्म, व्रते आणि अनुष्ठाने यांत संपत आली होती. शेवटचा दाणा संपल्यावर सगळे रानात गेले आणि पाणी व पाला यांवर त्यांनी दिवस काढले, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. दृष्टी गेलेल्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले होते. मुलाने मोलमजुरी करायची तयारी दाखवल्यावर तो बेत त्यांनी सोडला, पण थोड्याच दिवसांत ते गेले. पाठोपाठ आई गेली आणि काही महिन्यांनी मोठी बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरेनात, तेव्हा चौथ्या खांद्याच्या जागी रमाबाई उभ्या राहिल्या आणि उंची कमी पडत असल्यामुळे तो भार त्यांनी डोक्यावर घेतला. उरलेली दोघे भावंडे चालत चालत पार पंजाबात पोहोचली. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणून, त्यांत निजून, डोके तेवढे बाहेर ठेवून त्यांनी अंगावर वाळू ओढून घेतली.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. अनंतशास्त्र्यांची श्रद्धा म्हणजे नुसता देवाणघेवाणीचा व्यवहार होता, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. आपण या धाकट्या मुलीला देवाच्या हाती सोपवले आहे, तिने त्याचीच होऊन राहावे आणि जन्मभर त्याची सेवा करावी, असे त्यांनी मरताना तिला सांगितले होते, आणि ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई ते शब्द विसरल्या नाहीत. त्यांचा विश्वास उडाला तो एका विशिष्ट समजुतीवरून. अमुक केले म्हणजे तमुक टळते, आणि टळले नाही तर करण्यातच काही उणे राहिले, अशी ती समजूत होती. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांनी पत्नी गमावली, मुलगा गमावला. त्यांच्या बाबतीतही हिशेब जुळला नाही, पण हिशेबावाचूनही विठोबाशी भांडत राहता येते हे त्यांना सापडले. रमाबाईंना ते दुसऱ्या वाटेने सापडायचे होते.

ती वाट सुखाची नव्हती. १८८० साली भाऊ गेला. १८८२च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या, तिथे त्यांच्याबरोबर आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, आत्महत्या केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्या २५ वर्षांच्या होत्या आणि तोवर सहा जिवलग माणसे त्यांनी गमावली होती. यापुढे वाईट घडणार नाही, अशी हमी त्यांना कोणी दिली असती तरी त्यांनी ती घेतली नसती. त्यांना ओढ लागली ती वेगळ्याच गोष्टीची. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तिथल्या भगिनी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, काम करत होत्या, ते त्यांनी पाहिले आणि असे का करता म्हणून विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला. त्यात भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईजवळ येशू पाणी मागतो. तिचे आयुष्य असे का झाले, कोणत्या पापाने झाले, हे तो तिला समजावून सांगत बसत नाही. तो तिच्याशी बोलतो, एवढेच.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे की १९२१ साली मोडावा असा करार तिथे मुळात झालेलाच नव्हता. रमाबाईंनी आपला प्रश्न विचारण्याचा हक्कही बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडून दिला नव्हता. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्या त्रैक्यासारख्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच देव अशा, मूलभूत सिद्धांतांवरून पत्रांतून वाद घालत राहिल्या. एका पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसरीचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हे त्यांनी त्यांना स्पष्ट बजावले होते.

परंतु आम्ही, म्हणजे आजच्या मंडळ्या, त्या जुन्या हिशेबापासून फार दूर गेलो आहोत असे मला वाटत नाही. सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, लहान मुले, घरे वाहिली जातात. तिथे ख्रिस्ती असतात तसे हिंदू आणि मुसलमानही असतात, आणि दुखणाऱ्या गुडघ्यासाठी मेणाचा पाय घेऊन उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या म्हातारीला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रॉटेस्टंट लोक मेण वाहत नाहीत, पण चंगाई सभा भरवतात. सभेत साक्षीची वेळ येते, आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती पण प्रभूने बरे केले, असे सांगायला एकेक जण पुढे येतो. त्या साक्षी खोट्या असतात असे मी म्हणत नाही. मला बोच आहे ती त्या वेळी खाली बसून राहणाऱ्यांची. त्यांनीही तितकाच उपास केला होता, तितकीच रात्र जागवली होती, आणि त्यांचे माणूस गेले. त्यांची साक्ष होत नाही, कारण ती कोणी मागत नाही.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत आमच्या मंडळीतला एक तरुण बाप असाच गेला. त्याच्यासाठी साखळी प्रार्थना चालू होती. प्रत्येक घराने एकेक तास वाटून घेतला होता आणि पहाटे तीनचा तास सांभाळणारेही होते. त्याच साखळीत नाव असलेले एक वयस्क गृहस्थ बरे होऊन घरी आले आणि पुढे त्यांची साक्ष झाली, ती व्हायलाही हवी होती. त्या तरुणाच्या घरी सांत्वनाला जमलेल्यांपैकी कोणीतरी त्याच्या बायकोला म्हणाले, ‘प्रभूला चांगली फुलं लवकर खुडावीशी वाटतात.’ हे वाक्य आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी वापरलेले आहे. तिची आत्या चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. ती हात तसेच पिठाचे ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, ‘असा देव असेल तर मला नको तो. तुम्ही गप बसा.’ रात्री प्रार्थना करायला पाळक पोहोचू शकले नाहीत, तेव्हा प्रार्थनाही तिनेच केली. ‘प्रभू, हे तू बरं नाही केलंस. मला हे पटलेलं नाही,’ अशी तिची सुरुवात होती, आणि त्यानंतर पोरांच्या शाळेसाठी, घरच्या हप्त्यांसाठी, बापाविना पोरांच्या झोपेसाठी तिने एकेक करून मागणे मागितले. ज्याच्यावर ती रागावली होती त्याच्याचकडे मागितले. देवाच्या न्यायाविषयी मी पुष्कळ वाचले आहे, पण त्या रात्रीच्या प्रार्थनेइतके खरे त्यात फार थोडे आहे.

त्या आत्याला पवित्र शास्त्राचा भक्कम आधार आहे, हे तिला ठाऊक असो वा नसो. जुन्या करारात ईयोब नावाच्या नीतिमान माणसाची मुले आणि मालमत्ता सगळी जाते. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याची दशा पाहून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोवर त्यांचे सगळे बरोबर होते. मग ते बोलू लागले. देव न्यायी आहे, तू भोगतो आहेस, अर्थात तुझे काहीतरी चुकले आहे, असा त्यांचा तर्क, आणि ईयोब तो शेवटपर्यंत नाकारतो. तो देवाला न्यायासनासमोर बोलावतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो त्यांना सुनावतो. देवाची बाजू मांडायला निघालेल्यांना देवच दूर करतो. बायबलमध्ये दुसरा सूरही आहे हे मी लपवत नाही. आज्ञा पाळलीत तर आशीर्वाद आणि मोडलीत तर शाप, असे जुन्या करारातले ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक सांगते, आणि नीतिसूत्रांत नीतिमानाचे घर सहसा भरलेलेच असते. ईयोबाचे पुस्तक त्या सुराशी वाद घालते, आणि हा वाद एकाच ग्रंथात जपून ठेवणाऱ्या लोकांविषयी मला आदर वाटतो. स्तोत्रसंहितेतले ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या अखेरीला आशेची एकही ओळ कोणी जोडलेली नाही.

येशूकडेही लोक कारण विचारायला आले होते. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती का, हा प्रश्न त्यानेच काढला आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? तिथेही त्याने दोन्ही नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. मरण पावलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी, त्याला उठवायच्या आधी, तो रडला.

तत्त्वज्ञांनी या विषयात जे लिहिले ते मी टाकाऊ मानत नाही. देवाला वाईट टाळता येत नसेल तर तो समर्थ नाही, आणि टाळता येत असूनही टाळत नसेल तर तो चांगला नाही, हा एपिक्युरसच्या नावाने चालत आलेला पेच आजही तितकाच धारदार आहे. ऑगस्टीनने सांगितले की वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, तो चांगल्याचा अभाव आहे. ज्याच्या पोटात गाठ आहे त्याला हा अभाव आहे असे सांगून पाहावे. मानवी स्वातंत्र्याचा युक्तिवाद मला अधिक पटतो. प्रेम करू शकणारी माणसे हवीत तर द्वेष करू शकणारी माणसेही संभवतात, आणि जुलमाचा दोष जुलूम करणाऱ्याचा आहे. रमाबाईंनी हे व्यवहारात ओळखले होते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथल्या दुष्काळी छावण्यांत अनाथ मुलींवर कोणाची नजर असते ते त्यांनी पाहिले आणि लिहिले. शेकडो मुलींना त्यांनी आपल्याबरोबर आणले. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारी प्लेग-इस्पितळात स्त्रियांची जी दुर्दशा होत होती तिच्याविषयी त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारचा रोष पत्करला. जे माणसांनी केले होते ते त्यांनी देवाच्या इच्छेच्या खात्यावर टाकले नाही. आपल्याकडे ते सर्रास टाकले जाते.

पण हा युक्तिवाद एका ठिकाणी येऊन थांबतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर कोसळून हजारो माणसे झोपेतच गेली. घरे तशी का होती, याचे काही उत्तर गरिबीत आणि माणसांच्या दुर्लक्षात सापडते. पण भूकवचात साठलेला ताण कोणाच्या स्वातंत्र्याचा परिणाम नव्हता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनची चर्चे भाविकांनी भरलेली असताना कोसळली, तेव्हा युरोपातल्या विचारवंतांना हाच धक्का बसला होता. भूकंपाशिवाय पृथ्वी नाही आणि पृथ्वीशिवाय आपण नाही, हे शास्त्र मला समजते. पाळण्यातल्या मुलाच्या आईला मी ते सांगू शकत नाही, आणि जे तिला सांगता येत नाही त्याला उत्तर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग ख्रिस्ती माणसाजवळ उरते काय? आम्ही उपासनेत जो मतांगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाचे ठरलेले कथन, म्हणतो त्यात येशूच्या जन्मानंतर एकदम पंतय पिलात या रोमन सुभेदाराचे नाव येते आणि येशूने दुःख सोसल्याचे येते. मधली सगळी वर्षे, पर्वतावरचे प्रवचन, बरे केलेले कुष्ठरोगी, भाकरींचा चमत्कार, सगळे त्यात गाळलेले आहे. लहानपणापासून मी हे म्हणत आलो, पण कोणते काम त्याच्या नावे नोंदवावेसे मंडळीला वाटले, याकडे माझे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. वधस्तंभावरून त्याने जो आक्रोश केला तो २२व्या स्तोत्राचा आहे, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि चौथा उद्गार ज्याच्या वाट्याला येतो तो बहुतेक वेळा त्याची धार घाईघाईने बोथट करतो. त्या प्रश्नाला वरून उत्तर आले नाही, एवढेच शुभवर्तमान सांगते. ‘का’ म्हणून विचारणारा तिथे देवाचा शत्रू नाही, देवाचा पुत्र आहे.

युर्गेन मोल्टमान हा जर्मन मुलगा १७ वर्षांचा असताना जुलै १९४३च्या बॉम्बवर्षावात हॅम्बुर्गमध्ये विमानविरोधी तोफेवर होता. शेजारी उभा असलेला मित्र जागीच मेला आणि हा वाचला. त्या रात्री तो घरातल्या शिकवणीवाचून पहिल्यांदाच देवाला हाक मारत होता, कुठे आहेस म्हणून विचारत होता. पुढे स्कॉटलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याच्या हाती बायबल आले, आणि मार्काच्या शुभवर्तमानातल्या त्या आक्रोशापाशी त्याला आपला प्रश्न ओळखणारा कोणीतरी भेटला. तिथून सुरू झालेला विचार विसाव्या शतकाच्या ईश्वरविज्ञानात फार महत्त्वाचा ठरला. देवाला दुःख स्पर्श करत नाही, अशी जी शतकानुशतकांची शिकवण होती तिला त्याने आव्हान दिले.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मला हलका वाटत नाही. देवही माझ्याबरोबर भोगतो, याने माझे भोगणे कमी होत नाही. बुडणाऱ्याला दोर हवा असतो, सोबत बुडणारा नको असतो. म्हणूनच वधस्तंभ एकटा पुरत नाही आणि ख्रिस्ती विश्वास पुनरुत्थानावर उभा राहतो किंवा पडतो. पण त्या पुनरुत्थित देहावर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला बोट घालून पाहायला सांगितले गेले, हे मला निर्णायक वाटते. झाले ते झालेच नव्हते, असे देव तिथे म्हणत नाही.

ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट मला म्हणूनच पुरा पटत नाही. त्याची गुरेढोरे दुप्पट झाली, आणि मुले पुन्हा दहा झाली, सात मुलगे आणि तीन मुली. नंतरच्या त्या तीन मुलींची नावेही दिली आहेत: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. वादळात घर कोसळून जी पहिली दहा मेली त्यांच्यापैकी एकाचेही नाव ग्रंथात नाही. नवी दहा मुले हे त्या दहांचे उत्तर होऊ शकत नाही, हे मूल गमावलेल्या कोणत्याही आईबापाला विचारावे. त्या दहांनाही नावे होती, आणि कोणाला तरी ती अजून ठाऊक आहेत, तो त्यांना त्या नावांनी हाक मारील, असे मी मानतो, आणि पुनरुत्थान म्हणजे माझ्या लेखी एवढेच आहे. हे मी ताज्या कबरेपाशी कोणाला ऐकवणार नाही. ते खरे नसेल तर, पौलाने करिंथकरांस लिहिले त्याप्रमाणे, आम्ही सगळ्या माणसांपेक्षा लाचार ठरू. हा धोका पत्करूनच मी विश्वास ठेवतो.